बाबांच्या नावापुढची रेघ

माझ्या कपाटात एक लांबट रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारातून मीच आणलेलं. त्याची फक्त चार पानं भरली आहेत आणि चारही माझ्या अक्षरात आहेत. पहिल्या पानावर पहिलं नाव बाबांचं. नावापुढे धंदा, मग राहण्याचं ठिकाण, मग दोन रकाने. त्यातल्या एका रकान्यात एक आडवी रेघ आहे. ती रेघ मी अगदी सरळ ओढली, याचा मला अजून राग येतो.

मी दुर्गच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. प्रबंध लिहिला तो इंग्लंडमधल्या संसदेच्या निवडणुकांवर, त्यातही अठराव्या शतकाच्या अखेरच्या. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमध्ये राहून हा विषय कोणी का घ्यावा, हे मला आजवर कुणाला नीट समजावता आलेलं नाही. आईने तर प्रयत्नच सोडला. "इंग्रज देश सोडून गेले, पन तुले सोबत न्यायचे राहिले," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणते. खरं आहे तिचं. प्रबंधाची ती सात वर्षं मी सतराशे चौऱ्याऐंशीच्या इंग्लंडात राहत होते आणि फक्त जेवायला क्वार्टरमध्ये येत होते.

त्या सालची निवडणूक मला का आवडते, ते थोडं सांगायला हवं. एक तर ती आपल्यावरून झाली. हिंदुस्थानातल्या कंपनीच्या कारभारावर लगाम कुणाच्या हातात असावा, यावरून तिथलं एक सरकार पडलं, जेमतेम पंचविशीच्या पोराला राजाने पंतप्रधान केलं आणि मग सगळ्या देशात मतं घेतली. अर्थात ज्यांच्यावरून भांडण, त्यांना कुणी विचारलं नाही. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "तवा तर इथं नागपूरकरांचं राज होतं न व? मंग त्यायले कायची पंचाईत?" बाबांचे इतिहासातले प्रश्न नेहमी असेच असतात. उत्तर द्यायला गेलं की आपलीच अडचण होते.

दुसरं कारण म्हणजे मत देण्याची रीत. तेव्हा चिठ्ठी नव्हती. मैदानात लाकडी मंच बांधायचे. उमेदवार त्यावर बसलेले असायचे. मतदाराने चार पायऱ्या चढून वर जायचं आणि आपलं मत कुणाला ते सगळ्यांदेखत तोंडाने सांगायचं. कारकून ते वहीत लिहायचा. असं दिवसचे दिवस चालायचं, आणि रोज कोण पुढे, कोण मागे हे गावाला कळत राहायचं. म्हणून हुशार उमेदवार आपली खात्रीची माणसं पहिल्याच सकाळी आणून उभी करत. पहिली मतं जिकडे पडली, तिकडे मागची मेंढरं वळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवडणूक संपली की बऱ्याच ठिकाणी ती वही छापून विकली जायची. नाव, धंदा, ठिकाण आणि पुढे रेघ. जमीनदार ती वही विकत घेत आणि आपल्या कुळांची नावं शोधत बसत.

माझ्या प्रबंधात एक मोची आहे. त्याने घरमालकाच्या विरोधात मत दिलं. सहा वर्षांनंतरच्या निवडणुकीच्या वहीत त्या गावाखाली त्याचं नाव सापडत नाही. तो मेला, की गाव सोडून गेला, की त्याला काढलं, कळायला मार्ग नाही. मी त्याच्यावर एक तळटीप लिहिली आणि पुढे गेले. परीक्षकांनी त्या तळटिपेचं खास कौतुक केलं होतं.

या सगळ्या पाल्हाळात मनापासून रस घेणारा एकच माणूस होता, भाऊकाका. बाबांचे मित्र. रेल्वेत गार्ड होते, गोंदियाकडचे, आयुष्य नागपूर-दुर्ग लाइनवर गेलं आणि निवृत्तीनंतर दुर्गला बोरसीत त्यांनी स्वतःचं छोटं घर बांधलं. तीस वर्षं दर रविवारी सकाळी त्यांची स्कूटर आमच्या फाटकाशी थांबायची. चहा झाला की दोघं सुपेल्याला भाजीला जायचे आणि दोन माणसांना लागते त्याच्या चौपट भाजी घेऊन यायचे. मी त्यांना एकदा सांगितलं की इंग्लंडातल्या काही गावांत मताचा हक्क चुलीवर होता. ज्याची स्वतःची चूल आहे आणि जो तिच्यावर स्वतःचं भांडं उकळवू शकतो, तो मतदार. म्हणून निवडणूक जवळ आली की लोक भांडी रस्त्यावर आणून उकळवत, सगळ्यांनी पाहावं म्हणून. भाऊकाकांनी मांडीवर थाप मारली. "अरे, मंग मी अन् तुहा बाप पक्के मतदार! आमच्याएवढं मोठं भांडं कोनाचं आहे?"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला जेवणाचा गोळाभात ही दोघं करत. मोठा पितळी गंज, म्हणजे पातेलं, खाली लाकडं, बेसनाचे गोळे बाबा वळायचे आणि भात भाऊकाका सांभाळायचे. वरून जिरं-मोहरीचं कडकडीत तेल. दोनशे माणसांच्या पंगतीत दोघं हातात झारा घेऊन फिरायचे आणि नको म्हणणाऱ्याच्या पानातही एक गोळा टाकून पुढे जायचे.

मंडळाबद्दल सांगते. विदर्भातून प्लांटमध्ये आलेली माणसं, थोडी रेल्वेवाली, एक हॉल, मागे एक खोली, वर्षाला गणपती आणि संक्रांत. अध्यक्ष नेहमी मोठ्या हुद्द्यावरचा साहेब. खुर्च्या मांडायला आणि पंगत वाढायला क्लार्क आणि रेल्वेवाले. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कधी चुकलंही नाही. निवडणूक कधी झालीच नव्हती. सभेच्या आधी चार-पाच जण चहा-चिवड्यावर बसून ठरवायचे, सभेत एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, टाळ्या. इंग्लंडातही बहुतेक जागांवर हेच चालायचं, त्यामुळे मला ते ओळखीचं वाटे. सभासदांचं रजिस्टर मात्र बाबांकडे. मोत्यासारखं अक्षर, आणि पगार देणाऱ्या ऑफिसचं रजिस्टरही त्यांनी कधी इतकं जपलं नसेल.

माझ्या कपाटातलं रजिस्टर भरलं त्या वेळचे अध्यक्ष म्हणजे बाबांचेच जुने साहेब. बाबांच्या खात्याचे प्रमुख होते. त्यांच्याविषयी वाईट बोलायला मला जागा नाही, आणि तीच या गोष्टीची अडचण आहे. बाबांना आजोबांकडून आलेला दमा. ऐन चाळिशीत तो इतका वाढला की कारखान्याच्या शॉपमधलं काम होईना. साहेब स्वतः फाइल घेऊन चार टेबलं फिरले आणि बाबांना ऑफिसातली क्लार्कची जागा मिळवून दिली. ती मिळाली नसती तर माझं कॉलेज झालं नसतं. साहेबांनी या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. एकदा तरी बोलून दाखवलं असतं, तर बाबा मनातल्या मनात रागावून मोकळे झाले असते. पण ते कधीच बोलले नाहीत आणि बाबा त्यांच्यासमोर कधी खुर्चीला पाठ टेकून बसले नाहीत.

त्या वर्षी हॉलमागच्या खोलीवरून वाद झाला. तिथे भाऊकाका रविवारी दुपारी मुलांना मराठी शिकवायचे. आमची पोरं घराबाहेर हिंदीच बोलतात, घरातही अर्ध्या वाक्यात हिंदीवर उतरतात. खोलीत कधी दहा पोरं असायची, कधी तीन. साहेबांचं म्हणणं, तीन पोरांसाठी खोली अडवायची कशाला. भिंत पाडू, हॉल मोठा करू, चांगले कार्यक्रम करू. यात गैर काही नव्हतं. पण भाऊकाका आयुष्यात पहिल्यांदा चिडले आणि म्हणाले, मी अध्यक्षपदाला उभा राहतो. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन नावं आली. चिवड्याच्या बैठकीत कुणाला काय करावं कळेना.

मग सगळ्यांना माझी आठवण झाली. साहेबच म्हणाले, "मॅडमचा विषयच निवडणूक आहे. त्यांनाच निवडणूक अधिकारी करू." मला इतका आनंद झाला की आता सांगायला लाज वाटते. सात वर्षांच्या अभ्यासाचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग होणार होता. चिठ्ठ्या कोण छापणार, कोण मोजणार अशी चर्चा चालली असताना मी उभी राहिले आणि म्हणाले की चिठ्ठी नकोच. आपण शंभर माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी. मंचावर यावं आणि तोंडाने सांगावं. मग मी मंच, वही, रेघ, सगळं सांगितलं. लोक हसले, त्यांना मजा वाटली. मोच्याची गोष्ट मात्र मी सांगितली नाही.

बाबा मागच्या रांगेत होते. ते हळूच म्हणाले, "चिठ्ठीच बरी राह्यते."

मी सगळ्यांसमोर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "का बाबा? तुम्हाला कुणाची भीती आहे?"

पुन्हा हशा झाला. बाबाही हसले आणि खाली बघू लागले. साहेबांनी मान डोलावली. भाऊकाका बाबांकडे जरा वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "मले चालते." त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. विद्वान माणसाला समोरचं दिसत नाही असं आई म्हणते, तेव्हा मी तिच्यावर ओरडते.

इथवर माझा मूर्खपणा आहे. यापुढचं मूर्खपणात बसत नाही.

नावं पुकारायची यादी माझ्याकडे होती. सभासद क्रमांकाने पुकारली असती तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण मला भाऊकाका निवडून यायला हवे होते. ती खोली राहायला हवी होती. मी अधिकारी होते, मला कुणाचा पक्ष घेता येत नव्हता. पण पहिल्या सकाळची युक्ती मला ठाऊक होती. मी यादी माझ्या मनाने लावली आणि पहिल्या पाचांत खात्रीची पाच माणसं घातली. सगळ्यात वर बाबा. बाबा भाऊकाकांना मत देतील यात मला तिळभरही शंका नव्हती. तीस वर्षांची मैत्री. आणि साहेबांच्याच खात्यातला क्लार्क उघडपणे भाऊकाकांचं नाव घेतो म्हटल्यावर बाकीच्या क्लार्क मंडळींची भीड चेपेल, असा माझा हिशेब होता. यादी कशी लावली, हे मी कुणालाच सांगितलं नाही. घरातही नाही.

रविवारी सकाळी हॉल भरला. आमच्या मंचाला तीन पायऱ्या आहेत, पहिली जरा उंच. मंचावर डावीकडे पायऱ्यांपाशी साहेबांची खुर्ची, पलीकडे भाऊकाकांची, मध्ये मी टेबल आणि रजिस्टर घेऊन. भाऊकाकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते नव्या सुनेसारखे अवघडून बसले होते. मी नियम वाचून दाखवले. मतदाराने वर यावं, मोठ्याने सांगावं, मी लिहीन. मग पहिलं नाव पुकारलं.

बाबा उठले. त्यांना आपला नंबर इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं, हे मला वरून दिसलं. त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं आणि शर्ट नीट केला. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे पहिल्या पायरीशी ते थांबले. भाऊकाका खुर्चीतून अर्धे उठले, पण ते लांब होते. साहेब जवळ होते. ते पटकन पुढे आले, वाकले आणि त्यांनी बाबांना हात दिला. "या, या, सांभाळून," म्हणाले. यात काही डाव नव्हता. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. बाबा त्यांचा हात धरून तीन पायऱ्या चढले, आणि वर आल्यावर दम लागला म्हणून साहेबांनी तो हात तसाच धरून ठेवला.

बाबा माझ्या टेबलासमोर उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेबांना."

फार हळू म्हणाले. पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसेल. मला गेलं. स्वच्छ ऐकू आलं. आणि तरी मी म्हणाले, "मोठ्याने सांगा."

का म्हणाले? कदाचित दुसऱ्यांदा विचारलं तर ते दुसरं काही सांगतील असं वाटलं असेल. कदाचित संताप असेल. वर्गात पोराने चुकीचं उत्तर दिलं की मी हेच म्हणते, आणि माझ्या आवाजातली ती धार मला माहीत आहे.

बाबांनी श्वास घेतला. घरी ते कधी बोलत नाहीत अशा ऑफिसच्या मराठीत, खणखणीत आवाजात ते म्हणाले, "माझं मत साहेबांना."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी वहीत लिहिलं, नाव, सेवानिवृत्त क्लार्क, सेक्टर, आणि साहेबांच्या रकान्यात एक रेघ. भाऊकाकांकडे मी पाहिलं नाही. बाबा पायऱ्या एकटेच उतरले.

दुसरा माणूस जवळच्या रसमडा गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, भाऊकाकांच्या दोन्ही पोरांबरोबर वाढलेला. तो वर आला, बाबा बसले होते तिकडे एकदा बघितलं, आणि साहेबांचं नाव घेतलं. तिसऱ्यानेही तेच केलं. भाऊकाकांचा जिवाभावाचा माणूसच तिकडे गेला, म्हणजे यात काहीतरी असणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या खात्रीच्या पाचांपैकी एकाने भाऊकाकांना मत दिलं. पुढे तर नुसती रांग लागली. एकीकडे रेघांची शिडी वाढत होती आणि दुसरीकडे कुठे कुठे एखादी. माझी युक्ती शंभर टक्के चालली, फक्त उलट्या बाजूने.

शेवटी उमेदवारांनी मतं दिली. साहेबांनी हसून भाऊकाकांचं नाव घेतलं आणि भाऊकाकांनी हात जोडून साहेबांचं. टाळ्यांचा कडकडाट झाला, दोघांनी एकमेकांना मिठी मारली, फोटो निघाला. खेळीमेळीची निवडणूक झाली असं सगळे म्हणाले. माझंही कौतुक झालं. बाबा तोवर घरी निघून गेले होते.

घरी त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "झालं समाधान इंग्रजायचं?" आणि मी पानावरून उठले.

पुढच्या रविवारी स्कूटर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाबा आठ वाजता अंघोळ करून, कपडे करून व्हरांड्यात बसायचे आणि दहाला पेपर घडी करून आत यायचे. मग त्यांनी भाजीला जाण्याचा दिवस बदलला. शनिवारी जाऊ लागले, म्हणजे रविवारी सुपेल्यात भाऊकाका समोर येऊ नयेत. "शनिवारी भाजी ताजी राह्यते," असं आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. खोलीची भिंत पाडली गेली. मुलांची पुस्तकं भाऊकाका दोन पिशव्यांत भरून घेऊन गेले, असं कळलं.

महिन्याभराने मला राहवेना. मी बोरसीला गेले. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं. उघड मतदान माझं, यादी माझी, बाबांना पहिलं मी ठेवलं, मोठ्याने सांगायला मी लावलं. भाऊकाका अंगणात मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते. ओट्यावर त्या दोन पिशव्या तशाच बांधलेल्या होत्या. त्यांनी मला बसवलं, चहा आणायला सांगितला. मी सुरुवात केली, "काका, ते उघड मतदान माझ्याच डोक्यातून निघालं. बाबांचा दोष नाही."

"मले माहीत आहे न," ते म्हणाले. "मी कुठं राग धरून राहिलो?"

मग पाण्याची नळी बंद करून ते माझ्यासमोर बसले. "तुले एक गोष्ट माहीत नाई पोरी. मी तर उभाच राहनार नव्हतो. रागाच्या भरात बोलून गेलतो, दुसऱ्या दिवशी मागं घेनार होतो. तुह्या बापानंच मले उभं केलं. इथंच बसून म्हने, उभा राह. आपले सगळे तुलेच मत टाकतीन, मीबी तुलेच टाकीन. म्हने, चिठ्ठी आहे न, कोनाले कळते?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्याच्यानं तोंडावर बोलनं होत नाई," भाऊकाका म्हणाले. "जन्मात झालं नाई. चिठ्ठीवर त्यानं बरोबर लिहिलं असतं. तू चिठ्ठी काढून घेतली तवाच मले समजलं होतं. पन एवढ्या लोकायसमोर मी त्याले कसं म्हनू, का तू मत द्यायले येऊ नको?"

बाबांच्या जवळ होतं तेवढं धैर्य एका कागदाच्या घडीत मावणारं होतं. ते पुरेसं होतं. त्यांनी ते भाऊकाकांसाठी काढून ठेवलं होतं, आणि मी ते काढून घेतलं. भर सभेत, वर हसून. यादीचं सांगायचं राहिलंच होतं. माझ्याने सांगवलं नाही. मी चहा संपवला, मिरच्या छान आल्या आहेत म्हणाले आणि निघून आले. मला माझ्या भित्रेपणाची इतकी चीड आली की परतीच्या वाटेवर मी ऑटोवाल्याशी कारण नसताना भांडले.

गणपती आले. गोळाभात कोण करणार, असा प्रश्न कुणी विचारला नाही. बाबा सकाळी सहालाच हॉलवर गेले. भात सांभाळायला एक आचारी लावला होता, पण गोळे वळून झाल्यावर बाबाच दर पाच मिनिटांनी उठून गंजात डोकावत होते. आचारी वैतागला. दुपारी पंगत बसली. मी बायकांच्या रांगेत होते, आणि समोरच्या रांगेत भाऊकाका येऊन बसलेले मला दिसले. ते येतील असं वाटलं नव्हतं. आले, याचा इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. राग धरला नाही म्हणाले होते ते खरंच होतं, असं मनात म्हणाले.

बाबा झारा आणि बादली घेऊन रांगेत वाढत येत होते. वाकून, प्रत्येकाच्या पानात भात आणि वर दोन गोळे. भाऊकाकांच्या पानाशी ते पोचले. झारा भरला, दोनाऐवजी चार गोळे घेतले, वाकले.

भाऊकाकांनी पानावर हात आडवा धरला. तळवा खाली, बोटं पसरलेली. पान कोरडं होतं, चटणी आणि लिंबाची फोड एवढंच होतं त्यावर. "पुरे," ते म्हणाले. अगदी सौम्यपणे म्हणाले.

बाबा तसेच वाकून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर नको म्हणणाऱ्याच्या पानात गोळा टाकला होता. या वेळी टाकला नाही. झाऱ्यातला भात परत बादलीत गेला आणि ते पुढच्या पानाशी सरकले. शेजारच्यांच्या ध्यानातही आलं नाही. भाऊकाकांनी पानावरचा हात लगेच काढला नाही. मला वाटतं, हात असा जाईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. नंतर त्यांनी आचाऱ्याकडून थोडा वरण-भात घेतला, पान स्वच्छ केलं आणि सगळ्यांचा निरोप घेऊन गेले.

संध्याकाळी हॉलमागच्या नळावर बाबा गंज घासत बसले होते. माणसं होती त्या कामाला, पण ते ऐकत नव्हते. मी शेजारी जाऊन भांड्यावर पाणी ओतू लागले. राख लावून त्यांनी आतली बाजू घासली, मग काठ, मग कड्या.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "एक सांग पोरी. त्या दिवशी मले पयला कावून ठेवलं होतं?"

माझ्या हातातला तांब्या थांबला. सगळं सांगायची वेळ हीच होती, हे मला कळत होतं. "सभासद क्रमांकाने यादी होती, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी गंज विसळला, पाणी ओतून दिलं, आणि तो ओट्यावर उपडा घातला. लहान पोराला समजवावं, तशा आवाजात ते म्हणाले, "माहा नंबर एकेचाळीस आहे. ते रजिस्टर मीच लिहिलं न."